ऑटोमॅटिक, टचस्क्रीन आणि सेन्सर: नव्या गाडीचा चालवणाऱ्याच्या शरीरावर काय परिणाम होतो?

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या गाड्या झपाट्याने बदलल्या. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओमध्ये एएमटी गिअर आला आणि क्लच नसलेली गाडी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. पाठोपाठ रिव्हर्स कॅमेरा, मोठा टचस्क्रीन, एलईडी दिवे, विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि स्वतःहून ब्रेक लावणारे सेन्सर आले.

त्याबरोबर दवाखान्यात एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. "डॉक्टर, बाबा ६८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, गाडी चालवायची हौस मात्र आहे. त्यांना ऑटोमॅटिक घेऊन दिली तर चालेल ना?"

गुडघ्यांपुरते उत्तर "हो" असे आहे. पण गाडी चालवताना डोळे, लक्ष, तळव्यांची संवेदना, मान आणि झोप या सगळ्यांची परीक्षा असते. नव्या गाड्यांनी हातापायांचे कष्ट कमी केले आणि डोळ्यांवरचा व लक्षावरचा भार वाढवला. त्यामुळे कोणाला ही गाडी सोयीची आणि कोणाला जपून चालवण्याची, हे ज्याच्या त्याच्या तब्येतीवर ठरते.

क्लच गेला: गुडघ्याला आराम, तळव्यांची परीक्षा

पुण्याच्या किंवा ठाण्याच्या गर्दीत तासभर गाडी चालवली की क्लच शेकडो वेळा दाबला जातो. प्रत्येक वेळी डावा गुडघा वाकतो, सरळ होतो आणि गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर दाब येतो. झिजलेल्या गुडघ्याला, सायटिकाला आणि टाचदुखीला हे सोसत नाही. अशा रुग्णांना ऑटोमॅटिक गाडीने खरोखर बरे वाटते.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट डाव्या पायाची. वर्षानुवर्षे क्लच दाबण्याची सवय असलेला डावा पाय सुरुवातीच्या दिवसांत नकळत ब्रेकवर जातो आणि क्लचसारखाच जोरात दाबला जातो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन धडकतो. म्हणून डावा पाय कडेच्या पट्टीवर ठेवून द्यायचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच. पहिले आठ-दहा दिवस मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर सराव करा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती मधुमेहींसाठी आहे. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळव्यांची संवेदना हळूहळू कमी होते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. असा पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, हे नीट जाणवत नाही. गिअरच्या गाडीत गडबड झाली तर क्लच दाबून किंवा गाडी बंद पडून थोडा बचाव होतो. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर गाडी सरळ पुढे झेपावते. घाबरून माणूस तोच पेडल आणखी जोरात दाबतो.

तळव्यांना मुंग्या येत असतील, पाय कापसावर पडल्यासारखा वाटत असेल किंवा जखम झालेली कळत नसेल, तर गाडी घेण्याआधी तपासणी करून घ्या. बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याची संवेदना तपासतात. पाच मिनिटांचे काम आहे आणि दुखत नाही. गाडी चालवताना सैल चप्पल किंवा स्लिपर नको. मागे पट्टा असलेली, पातळ आणि सपाट तळव्याची पादत्राणे घाला.

गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन झाले असेल, तर "गाडी ऑटोमॅटिक आहे" म्हणून स्वतःच्या मनाने सुरुवात करू नका. उजवा पाय असेल तर अचानक जोरात ब्रेक दाबता येतो का, हे महत्त्वाचे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारूनच चालवा.

टचस्क्रीन: चाळिशीनंतरच्या डोळ्यांची अडचण

जुन्या गाडीत एसीचे बटण हाताने चाचपून फिरवता येत असे. टचस्क्रीनवर सगळे सपाट असते, त्यामुळे बघावेच लागते. हिशेब असा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. एसी कमी करायला तीन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर ५० मीटर अंतर तुम्ही रस्ता न बघता कापलेत. शाळेसमोरच्या रस्त्यावर ५० मीटर म्हणजे खूप झाले.

चाळिशीनंतर यात आणखी एक भर पडते. या वयात डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते. लांबचे पाहून जवळचे पाहायला आणि पुन्हा लांबचे पाहायला डोळ्याला वेळ लागतो. शिवाय गाडीचा पडदा साधारण दोन-सव्वादोन फुटांवर असतो. हे अंतर पुस्तकाइतके जवळ नाही आणि रस्त्याइतके लांबही नाही. दोन भागांच्या बायफोकल चष्म्यात या मधल्या अंतरासाठी भागच नसतो. मग माणूस हनुवटी वर करून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहतो. मान दुखते, डोके दुखते आणि रस्त्यावरचे लक्ष जाते.

काय करता येईल?

- चष्मा काढताना नेत्रतज्ज्ञांना "मी गाडी चालवतो आणि पडदा इतक्या अंतरावर आहे" हे सांगा. मधल्या अंतरासाठी प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा पर्याय असतो. तो नवा असताना सवय होईपर्यंत गाडी चालवू नका.
- नकाशा, एसी आणि गाणी गाडी हलण्याआधीच लावा. मध्ये काही बदलायचे असेल तर शेजारच्याला सांगा, नाहीतर गाडी बाजूला घ्या.
- पोलराइज्ड गॉगल घातल्यावर काही पडदे एका कोनातून काळे दिसतात. तो डोळ्यांचा दोष नाही. गॉगल विकत घेण्याआधी गाडीत बसून बघा.
- रात्री पडद्याचा उजेड कमी करा. उजळ पडद्याकडे पाहून अंधाऱ्या रस्त्याकडे पाहिले की काही क्षण नीट दिसत नाही.
- गाडी घेताना वायपर, एसी आणि काच पुसट झाल्यावर लागणारा डिफॉगर यांना वेगळी बटणे आहेत का, हे पाहा. पावसाळ्यात घाटात याची किंमत कळते.

एलईडी दिवे आणि मोतीबिंदू

"रात्री समोरून गाडी आली की काहीच दिसत नाही" ही तक्रार आता पन्नाशीतलेही करतात. जुन्या हॅलोजन दिव्याचा उजेड पिवळसर होता. एलईडीचा पांढरा, निळसर झाक असलेला असतो आणि छोट्या जागेतून प्रखर येतो. निरोगी डोळाही दिपतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर धूसर भिंगात हा उजेड विखुरतो, दिव्याभोवती वलये दिसतात आणि त्यामागचा सायकलवाला हरवून जातो.

येथे एक फसगत होते. दिवसा तक्त्यावरची अक्षरे नीट वाचता येतात, म्हणून माणसाला वाटते आपली नजर चांगली आहे. रात्रीची नजर मात्र वेगळी गोष्ट आहे. समोरच्या दिव्याने दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर डोळे तपासून घ्या. मधुमेहींनी वर्षातून एकदा पडदा, म्हणजे रेटिना, तपासावाच.

तोपर्यंत रात्रीचे चालवणे कमी करा. काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा. समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेकडे नजर ठेवा. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे डोळ्यांत येणारा एकूण प्रकाशच कमी करतात, त्यांच्यावर विसंबू नका. आणि आपला अप्पर दिवा खाली करायला विसरू नका, समोरच्यालाही मोतीबिंदू असू शकतो.

सेन्सर जागे, माणूस पेंगतो

ॲडास नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत गाडी पुढच्या वाहनापासूनचे अंतर राखते, लेनमध्ये राहायला मदत करते आणि धडक होणार असे वाटल्यास ब्रेक लावते. आपल्याकडच्या गाड्यांत ही यंत्रणा "लेव्हल २" पर्यंतची आहे. याचा अर्थ सरळ आहे: गाडी मदत करते, जबाबदारी चालकाची. पुसट पट्टे, उलट्या दिशेने येणारी दुचाकी, रस्त्यावर बसलेली जनावरे आणि धो धो पाऊस यांत कॅमेऱ्याची गफलत होऊ शकते.

वैद्यकीय अडचण वेगळी आहे. आपल्या मेंदूला काही काम असेल तरच तो जागा राहतो. नुसती देखरेख करण्याच्या कामात तो लवकर कंटाळतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग घ्या. सिग्नल नाही, वळणे कमी, कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. त्यात गिअर बदलायचा नाही आणि क्रूझ कंट्रोलमुळे ॲक्सिलरेटरवर पायही नाही. अशा वेळी डोळे उघडे असूनही माणूस काही सेकंद झोपतो. या डुलकीला मायक्रोस्लीप म्हणतात. ताशी १२० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर.

ही धोक्याची लक्षणे ओळखा: सारख्या जांभया, डोळ्यांची जळजळ, गेले काही किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी पट्ट्यावर जाणे. काच उघडणे, मोठ्याने गाणी लावणे किंवा तोंडावर पाणी मारणे यांचा उपयोग काही मिनिटांपुरताच. झोपेवर औषध झोपच. सुरक्षित ठिकाणी थांबा आणि १५ ते २० मिनिटे झोपा. झोपण्याआधी कपभर कॉफी किंवा चहा घेतला तर जाग येईपर्यंत त्याचा परिणाम सुरू होतो. दर दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चाला. पायांतल्या रक्ताची गुठळी टाळण्यासाठीही ते गरजेचे आहे. पहाटे दोन ते सहा आणि भरपेट जेवणानंतरची दुपार या वेळा टाळा.

घरातला कोणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर त्याला स्लीप ॲप्निया असू शकतो. त्याची तपासणी आणि उपचार होईपर्यंत लांबचा प्रवास त्याच्या हाती देऊ नका, गाडीत कितीही सेन्सर असोत.

विजेच्या गाडीत मळमळ का होते?

"आधीच्या गाडीत कधी होत नव्हते, नव्या इलेक्ट्रिक गाडीत आईला मळमळते" असे बरेच जण सांगतात. हा भास नाही. अंतर्कर्ण हालचाल सांगतो आणि डोळे वेगळेच सांगतात, तेव्हा मेंदूचा गोंधळ होऊन मळमळ होते. विजेच्या गाडीत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलताच मोटर वीज परत बॅटरीत भरू लागते आणि गाडी लगेच मंदावते. इंजिनाचा आवाजही नसतो, त्यामुळे गाडी आता वेग घेणार की मंदावणार याची सूचना मागे बसलेल्याला मिळत नाही. चालवणाऱ्याला ते आधीच माहीत असते, म्हणून त्याला त्रास होत नाही.

उपाय सोपे आहेत. ही ब्रेकिंगची पातळी सेटिंगमधून कमीत कमी ठेवा. पाय झटकन उचलू नका. त्रास होणाऱ्याला पुढे बसवा, मोबाइल बघू देऊ नका, नजर लांब ठेवायला सांगा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून प्रवासाआधी अर्धा-एक तास घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

बंद काचा आणि एसी

नव्या गाड्या आतून चांगल्याच बंदिस्त असतात. धूळ नको म्हणून आपण आतलीच हवा फिरवण्याचे बटण तासन्तास चालू ठेवतो. चार-पाच जणांच्या श्वासाने आतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, डोके जड होते, पेंग येते. दर १५-२० मिनिटांनी काही मिनिटे बाहेरची हवा आत येऊ द्या.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेततात. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद जागेत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच मृत्यू येऊ शकतो. आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून मूल गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीचे तापमान दहा मिनिटांत जवळपास १० अंशांनी वाढते आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. रिकामी उभी असलेली गाडी नेहमी लॉक करा. खेळता खेळता आत शिरलेल्या मुलांना दार उघडता येत नाही.

एअरबॅग पट्ट्याशिवाय अपुरी

एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते. पट्टा लावलेला नसेल तर पुढे फेकलेले शरीर त्या फुगणाऱ्या पिशवीवरच आदळते. म्हणून:

- छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त, अंतर ठेवा.
- मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. मागे तोंड असलेली बाळाची सीट एअरबॅगसमोर कधीही लावू नका. मुलांची जागा मागे, त्यांच्या वयाच्या सीटमध्ये.
- एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती, स्टिकर किंवा अत्तराची बाटली चिकटवू नका. सीटमध्ये एअरबॅग असेल तर साधे घट्ट कव्हर घालू नका.
- गर्भवतीने पट्टा जरूर लावावा. खालचा भाग पोटाखालून कमरेच्या हाडांवर, वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून. पोटावरून पट्टा नको.
- मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.
- पेसमेकर असलेल्यांनी बटणाची स्मार्ट चावी आणि मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नये, किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा. पट्टा पेसमेकरच्या जागी टोचत असेल तर मध्ये मऊ घडी ठेवा, पण पट्टा सोडू नका.

गाडीला न कळणारे आजार

साखर कमी झाली आहे हे कोणत्याही सेन्सरला कळत नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब जाण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी काही खा. घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच बाजूला थांबा, इंजिन बंद करा, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर पूर्ववत झाल्यावरही मेंदू सावरायला पाऊण तास द्या.

ॲलर्जीच्या, खोकल्याच्या, झोपेच्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. नवी गोळी सुरू झाली की "हिच्यावर गाडी चालवू का?" हे डॉक्टरांना नक्की विचारा. फिट येणे, बेशुद्ध पडणे, नुकताच आलेला हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका यांनंतर परवानगीशिवाय गाडी चालवू नका.

चाळिशीनंतर लायसन्ससाठी फॉर्म १ए हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यावर नुसती सही मागू नका, त्या निमित्ताने खरी तपासणी करून घ्या. सही सहज मिळाली, तरी समोरून येणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

घरातल्या ज्येष्ठांनी गाडी चालवावी का?

वयाचा आकडा हे उत्तर नाही. सत्तरीतले कित्येक जण तिशीतल्यांपेक्षा सावध चालवतात. ही लक्षणे दिसली तर मात्र थांबून विचार करा:

- गाडीवर नवे ओरखडे, पार्किंगच्या खांबाला धडक
- रोजच्या रस्त्यावर चुकणे, सिग्नल उशिरा दिसणे
- ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये एकदाही झालेली गफलत
- कडेने आलेली दुचाकी न दिसणे
- नवी गाडी दोन महिने चालवूनही तिची बटणे आणि आवाज गोंधळात टाकणे

शेजारी बसून आठवडाभर त्यांचे चालवणे पाहा, मग बोला. चारचौघांत नको आणि चावी लपवून तर नकोच. ज्या माणसाने चाळीस वर्षे सगळ्या घराला फिरवले, त्याच्यासाठी चावी म्हणजे स्वतःच्या पायावर उभे असणे असते. "बाबा, तुम्हाला आता जमत नाही" यापेक्षा "बाबा, आधी डोळे आणि पाय तपासून घेऊ, मग ठरवू" हे जास्त ऐकले जाते. तपासणीत मोतीबिंदूसारखे काही सापडले तर ऑपरेशननंतर ते पुन्हा छान चालवू शकतात. नाहीतर पायरीपायरीने जा: प्रथम रात्रीचे बंद, मग महामार्ग, मग गर्दीची वेळ. प्रत्येक पायरीला त्यांच्या भाजी मंडईची, देवळाची आणि मित्रांच्या कट्ट्याची सोय कशी होईल, हे आधी ठरवा. घराबाहेर पडणे थांबले की ज्येष्ठांची तब्येत आणि मन दोन्ही खालावतात.

नवी गाडी जरूर घ्या. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह घ्याल, त्याच आठवड्यात चालवणाऱ्याचे डोळे, साखर, रक्तदाब आणि तळव्यांची संवेदना तपासून घ्या. गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करतो, तशी तिच्या चालकाचीही व्हायला हवी.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचा आजार आणि औषधे यांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*